किल्ली कोणाकडे?

बालमित्रांनो, एप्रिल-मे महिन्यातली एखादी दुपार डोळ्यांसमोर आणा बरं. उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो. झाडाचं पानसुद्धा हलत नाही. आणि मग एकाएकी डोंगराच्या बाजूला आभाळ काळंनिळं होतं. धुळीचा लोट उठतो. कैऱ्या टपाटप पडायला लागतात. आई आतून ओरडते, “अरे, वाळवण उचला आधी!” कुरडया, पापड, मिरच्या आत नेताना सगळ्यांची पळापळ होते. पंधरा-वीस मिनिटं वारा आणि पाऊस नुसता धिंगाणा घालतात आणि मग पुन्हा सगळं शांत! मातीचा वास येतो, कैऱ्या वेचायला आपण पळतो आणि झालेलं सगळं विसरूनही जातो. हाच आपला वळीव.

आता मला सांगा, त्या पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही कुठे उभे होता? कोणी म्हणेल, चिंचेच्या झाडाखाली. कोणी म्हणेल, एसटीच्या शेडखाली. कोणी म्हणेल, दुकानाच्या फळीखाली. म्हणजे तुम्ही आडोसा शोधला. बरोबर ना? आज मला तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. आडोसा आणि निवारा हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण मुलांनो, त्या दोहोंत फार मोठा फरक आहे. कधी कधी तो जीवन-मरणाचा फरक ठरतो.

आडोसा ऐनवेळी सापडतो, तर निवारा आधीच ठरवलेला असतो.

आडोसा कसा फसवतो, याचं एक उदाहरण तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. १३ मे २०२४ ची संध्याकाळ. मुंबई आणि ठाणे भागात धुळीचं वादळ उठलं. दिवसा अंधारून आलं. घाटकोपरला एका पेट्रोल पंपाशेजारी जाहिरातीचा अवाढव्य फलक उभा होता. परवानगी असते ४० फूट गुणिले ४० फूट फलकाची, हा होता १२० फूट गुणिले १२० फूट! वाऱ्याने तो अख्खा पंपावर कोसळला आणि १७ माणसांचे प्राण गेले. डोक्यावर छप्पर होतं, पण ते छप्पर काय तोलाचं आणि त्याच्या शेजारी काय उभं आहे, हे वारा सुटल्यावर कोण बघत बसणार?

मी अंबाडीच्या परिसरात एका प्राथमिक शाळेत शिकवते. अंबाडी म्हणजे भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावरचा गजबजलेला नाका. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. जवळून तानसा नदी वाहते. आजूबाजूला भातशेती, आदिवासी पाडे, वीटभट्ट्या आणि भिवंडीच्या दिशेने गेलात की गोदामंच गोदामं. समुद्र इथून दिसत नाही. त्यामुळे वादळ म्हटलं की आमच्या वर्गातल्या मुलांना वाटायचं, ते कोळीवाड्यातल्या लोकांचं काम! आपला काय संबंध?

परिसर अभ्यासाच्या तासाला मी फळ्यावर चार शब्द लिहिले: वावटळ, वळीव, चक्रीवादळ आणि टोर्नेडो. म्हटलं, “सांगा, यात कोण धाकटं, कोण थोरलं?” तुम्हीही सांगून बघा पाहू!

वावटळ सगळ्यांत धाकटी. रिकाम्या शेतात उन्हाने जमीन तापते, हवा गिरकी घेत वर चढते आणि पाचोळा घेऊन नाचते. तिच्यात भूत असतं म्हणून आजी घाबरवते, पण ती फार तर डोळ्यांत धूळ घालते.

वळवाच्या ढगातून सुटणारा वारा मात्र खट्याळ नाही, दांडगा असतो. ढगातून गार हवा धाडकन खाली आपटते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. झाडं मोडतात, पत्रे उडतात, विजा पडतात.

चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं. त्याचा घेर शेकडो किलोमीटरचा. ते दिवसचे दिवस चालतं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरुड भागातल्या नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांची कौलं आणि पत्रे उडाले, शाळांचीही छपरं गेली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आलं. हे नाव म्यानमार देशाने सुचवलेलं, आणि त्याचा अर्थ काय माहीत आहे? मोठ्याने ओरडणारी पाल! ही पाल आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेली, तर मुंबईत कुलाब्याला वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरचा आकडा ओलांडला.

आणि टोर्नेडो? काळ्या ढगातून हत्तीची सोंड खाली यावी तसा तो जमिनीला टेकतो. घेर लहान, बहुतेक वेळा काही शे मीटर. आयुष्यही लहान, काही मिनिटांचं. पण ताकद सगळ्यांत जास्त. मोठ्या टोर्नेडोत वारा ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. अमेरिकेत दरवर्षी हजाराहून जास्त टोर्नेडो होतात. आपल्या देशात ते विरळाच. तरी १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात टोर्नेडो आला होता आणि त्यात २८ माणसं गेली होती. शेजारच्या बांगलादेशात तर २६ एप्रिल १९८९ च्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसं मृत्युमुखी पडली. जगात एका टोर्नेडोने घेतलेले हे सर्वांत जास्त बळी मानले जातात.

चक्रीवादळाची सूचना दोन-चार दिवस आधी मिळते. टोर्नेडोची सूचना मिळते जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आधी. एवढ्या वेळात कुठे पळणार? म्हणूनच अमेरिकेतल्या लोकांनी या प्रश्नावर फार बारकाईने विचार केला. त्यांनी काय शोधलं ते ऐका, कारण ते आपल्याही कामाचं आहे.

टेक्सास राज्यात लबक नावाचं शहर आहे. ११ मे १९७० रोजी तिथे टोर्नेडो आला आणि २६ माणसं गेली. तिथल्या विद्यापीठातल्या इंजिनीअर मंडळींनी मग एक काम हाती घेतलं. जिथे टोर्नेडो येईल तिथे जायचं आणि पडलेली घरं बघायची. पडलेल्या घरांत काय बघणार, असं तुम्ही म्हणाल. पण त्यांनी बघितलं ते न पडलेलं! बाहेरच्या भिंती गेल्या, छप्पर गेलं, पण घराच्या मधोमध असलेली एखादी छोटीशी खोली, कपड्यांची नाहीतर न्हाणीची, तेवढी उभी. असं पुनःपुन्हा दिसलं. मग त्यांच्या मनात आलं, सगळं घर पोलादी करणं कोणाला परवडणार? पण मधली एक लहान खोली भक्कम करणं परवडेल की! तिच्या भिंतींत लोखंडी सळया घालायच्या, छताला स्लॅब करायचा, दार मजबूत बसवायचं आणि सगळं पायाशी घट्ट जखडायचं. झाली सुरक्षित खोली! एरवी तिथे कपडे ठेवा, डबे ठेवा. वादळात माणसं ठेवा.

या खोलीची परीक्षा कशी घेतात, हे सांगितलं तेव्हा माझ्या वर्गातली मुलं ऐकतच राहिली. टोर्नेडोत माणसाला वाऱ्यापेक्षा उडून येणाऱ्या वस्तूंचा धोका जास्त. म्हणून सुमारे पावणेसात किलो वजनाचा लाकडी वासा हवेच्या तोफेत घालतात आणि ताशी १६० किलोमीटर वेगाने भिंतीवर डागतात! वासा आरपार गेला तर भिंत नापास.

अशी खोली नसली तर काय होतं, तेही मोठ्यांनी ऐकायला हवं. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमा राज्यातल्या मूर या गावावरून मोठा टोर्नेडो गेला. २४ माणसं गेली. त्यांतली ७ मुलं एकाच प्राथमिक शाळेतली होती. त्या शाळेत सुरक्षित खोली नव्हती. नंतर शाळा नव्याने बांधली, तेव्हा अशी जागा आधी केली. मी शिक्षिका आहे. ही हकिकत वाचल्यापासून कुठल्याही शाळेत गेले की माझी नजर आधी छताकडे जाते.

आता मधोमध असलेली, बाहेरच्या बाजूला खिडकी नसलेली खोली म्हटल्यावर तुम्हाला काही आठवलं का? आमच्या वर्गात एका मुलीने लगेच हात वर केला. “बाई, माजघर!” शाबास! पडवी, ओटी, माजघर, मग स्वयंपाकघर. आपल्या जुन्या घरांचं माजघर म्हणजे तीच मधली खोली. ते काही टोर्नेडोसाठी बांधलेलं नव्हतं, आणि मातीची भिंत पावसाने भिजलेली असेल तर माजघरावरही भरवसा ठेवता येत नाही. पण बाहेरच्या वाऱ्यापासून जितक्या जास्त भिंती आपल्यामध्ये, तितकं बरं, हे तत्त्व तेच आहे. तुमच्या घरात ओटी-माजघर नसेल, चाळीत नाहीतर इमारतीत राहत असाल, तरी बघा. खालच्या मजल्यावरची, खिडक्यांपासून दूर असलेली, लहान, स्लॅबची जागा कोणती? बऱ्याच घरांत ती न्हाणीघराशी किंवा जिन्याखाली सापडेल.

दुसरी गंमत छपराची. एक कागदाची पट्टी ओठांशी धरा आणि तिच्यावरून जोरात फुंकर मारा. पट्टी खाली दबेल असं वाटतं ना? ती वर उचलली जाते! छपरावरून वेगाने वारा गेला की पत्र्याचंही असंच होतं. तो वरून ओढला जातो, आणि दारं-खिडक्या उघड्या असतील तर आत शिरलेला वारा त्याला खालूनही ढकलतो. पूर्वी अमेरिकेत सांगत, टोर्नेडो आला की खिडक्या उघडा. पुढे कळलं, ते साफ चुकीचं. म्हणून वारा सुटला की दारं-खिडक्या घट्ट लावायच्या आणि त्यांच्यापासून लांब बसायचं.

आणखी एक हिशेब. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. वेग तिप्पट, तर जोर नऊपट! म्हणून नेहमीच्या वाऱ्यात टिकलेला पत्रा वादळातही टिकेल, हे खरं नव्हे. आपल्याकडे पत्र्यावर दगड, फुटके टायर ठेवायची पद्धत आहे. पत्रा उडाला की दगडही खाली येतो, आणि तो कोणाच्या डोक्यात? त्यापेक्षा पावसाळ्याआधी बाबांना सांगा, पत्र्याचे हूक आणि चकत्या तपासा, गंजलेले बदला. कडेच्या आणि आढ्याजवळच्या पत्र्यांना जास्त हूक लावा, कारण वारा तिथूनच उचकटायला सुरुवात करतो. वासे भिंतीला तारेने किंवा लोखंडी पट्टीने बांधून घ्या. नवं घर बांधणार असाल तर दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला जास्त चांगलं तोंड देतं.

एवढं सगळं समजावून झाल्यावर मी मुलांना गृहपाठ दिला. आपापल्या घराचा नकाशा काढा आणि सर्वांत सुरक्षित जागेवर लाल फुली मारा. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. कोणी न्हाणीघरावर फुली मारली होती, कोणी माजघरावर. एका मुलीने तर देवघरावर मारली होती, आणि नीट पाहिलं तर तिचं बरोबरच होतं, तिच्या घरात तेवढाच कोपरा स्लॅबचा!

चौथीतल्या एका मुलाच्या वहीत मात्र एकच चौकोन होता. आत काही नाही. फुलीही नाही. त्याचं कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला येतं आणि पाऊस तोंडावर आला की गावी परत जातं. भट्टीवरचं घर म्हणजे चार विटांचा थर, वर तट्ट्या आणि प्लास्टिकचा कागद. तो उभा राहून म्हणाला, “बाई, आमच्या घराला एकच खोली. मग मधली कुठली?”

वर्ग एकदम गप्प झाला. बालमित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर कुठल्या हूकमध्ये किंवा स्लॅबमध्ये नव्हतं. तट्ट्याच्या घराची मधली खोली घराबाहेरच असणार. म्हणजे ती गावात शोधायला हवी. सगळ्या गावाचं मिळून एक माजघर!

असं गावाचं माजघर असतं का कुठे? असतं. ओडिशा राज्यात जा. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तिथे महाचक्रीवादळ आलं आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यालगत पक्के निवारे बांधायला घेतले. उंच खांबांवर उभ्या, भक्कम स्लॅबच्या इमारती. २०१९ पर्यंत अशा आठशेहून जास्त इमारती तयार झाल्या होत्या. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ चक्रीवादळ आलं, तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधीच हलवलं होतं. त्या वादळात ६४ माणसं गेली. एक माणूस गेला तरी वाईटच. पण दहा हजार कुठे आणि ६४ कुठे! आता मला सांगा, वर्षातून एखादा दिवस लागणारी ही इमारत उरलेले दिवस काय करत असेल? कुलूप लावून ठेवली तर तिथे वटवाघळं राहतील. म्हणून अनेक ठिकाणी त्या इमारतीत शाळा भरते! जिथे रोज पाढे म्हटले जातात, तिथेच वादळाच्या रात्री गाव येऊन झोपतं. असे निवारे बांधण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पाच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात आपला महाराष्ट्रही होता. पण ते किनाऱ्यासाठी. आमच्या अंबाडीसारख्या आतल्या गावांनी आहे त्यातूनच निवारा निवडायला हवा.

मग आम्ही निवडायला निघालो. त्या मुलाच्या भट्टीपासून पक्की जागा कोणती जवळ? मुलांनी पावलं मोजली. भट्टीच्या मुकादमाची खोली पत्र्याची, बाद. देवळाला भक्कम गाभारा, पण सभामंडप चारी बाजूंनी उघडा, शिवाय वाटेत विजेच्या तारा. आमच्या शाळेच्या दोन खोल्या पत्र्याच्या, त्याही बाद. उरली शाळेची स्लॅबची खोली, तीनशे दहा पावलांवर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “पण बाई, मे महिन्यात शाळेला कुलूप असतं!”

पाहिलंत? वळवाची वादळं येतात एप्रिल-मे महिन्यात. शाळा बंद असते मे महिन्यात. भट्टीवरची माणसं तट्ट्यात राहतात मे महिन्यापर्यंत. गावातली सर्वांत पक्की खोली नेमकी तेव्हाच कुलपात, आणि किल्ली दुसऱ्या गावी सुट्टीला गेलेल्या शिक्षकांच्या खिशात! कुलूप लावलेला निवारा आणि नसलेला निवारा, दोन्ही सारखेच.

हा विषय मी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडला. सगळे लगेच ‘हो’ म्हणाले असं नाही. शाळेत संगणक आहे, पोषण आहाराचा तांदूळ आहे. काही गेलं तर जबाबदार कोण? शंका रास्त होती. बोलता बोलता तोडगा निघाला. सामान दुसऱ्या खोलीत, त्या खोलीला वेगळं कुलूप. स्लॅबच्या खोलीच्या तीन किल्ल्या केल्या. एक शाळेत, एक अंगणवाडीच्या ताईंकडे आणि एक शाळेसमोरच्या दुकानदारकाकांकडे, कारण त्यांचं दुकान बाराही महिने उघडं. खोलीत दोन हंडे, एक बॅटरी, दोर, सतरंज्या आणि औषधांची पेटी ठेवायचं ठरलं. खर्च फार आला नाही. आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर मुलांनी गेरूने लिहिलं, ‘वादळात इथे या. किल्ली समोरच्या दुकानात.’

त्या मे महिन्यात एका संध्याकाळी वारा आलाच. मी तेव्हा माहेरी होते. दुकानदारकाकांचा फोन आला तो सगळं उरकल्यावर. वीस मिनिटांचा खेळ. भट्टीवरच्या दोन झोपड्यांचं सगळं छप्पर उडालं, एक आंब्याची फांदी तारांवर पडली. कोणाला इजा झाली नाही. शाळेच्या खोलीत तीन कुटुंबं येऊन बसली होती. पण भट्टीवर कुटुंबं होती नऊ!

बाकीची सहा का आली नाहीत? सुट्टी संपायच्या आधी मी तिथे जाऊन बोलले. एका घरात म्हातारे आजोबा होते, त्यांना कोण उचलणार? एकाला कोंबड्या आणि धान्याच्या गोणीची काळजी. आणि एक बाई खाली बघून म्हणाली, “आमाला शालंन कोन घेल?” म्हणजे, आम्हाला शाळेत कोण घेणार? भिंतीवर एवढं मोठं लिहिलेलं होतं. पण तिला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि शाळा ही आपली जागा आहे असं तिला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि जी तीन कुटुंबं आली, ती कशी आली असतील? तिन्ही घरांतली मुलं आमच्या शाळेत येत होती. मुलं पुढे पळाली आणि घरचे मागे आले! तो एका चौकोनाचा नकाशा काढणारा मुलगा सर्वांत पुढे होता. त्याने आपल्या धाकट्या बहिणीला कडेवर घेतलं होतं आणि रस्ता त्याला अंधारातही पाठ होता. तीनशे दहा पावलं!

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. निवाऱ्याला भिंत लागते, छप्पर लागतं, किल्ली लागते, आणि ‘चला, ती आपलीच जागा आहे’ म्हणणारं कोणीतरी लागतं. हे शेवटचं काम तुमच्याइतकं चांगलं कोणीच करू शकत नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर भट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा आमच्या मुलांनी नवीन आलेल्या प्रत्येक घरातल्या माणसांना एकदा शाळेपर्यंत चालत आणलं. खोली दाखवली, दुकानदारकाकांची ओळख करून दिली. आजोबांना उचलायला कोण येईल, तेही ठरवलं. आजोबांना हाताची पालखी करून कसं न्यायचं, याची तालीम झाली, तेव्हा आजोबाच सगळ्यांत जास्त हसत होते!

पालकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. आपल्या भागातले कितीतरी जण गोदामांत आणि यंत्रमागाच्या कारखान्यांत काम करतात. गोदाम केवढं मोठं, म्हणून सुरक्षित, असं समजू नका. मोठ्या रुंदीचं, मध्ये भिंती नसलेलं पत्र्याचं छप्पर वादळात लवकर दगा देतं. मोठं शटर वाकलं की वारा आत घुसतो आणि छपराला खालून उचलतो. म्हणून वाऱ्याची चाहूल लागली की शटरपासून आणि उंच रचलेल्या मालापासून दूर व्हा. त्या आवारात स्लॅबची लहान खोली कोणती, मेन स्विच कुठे, तो बंद कोण करणार, हे आजच शेठना विचारून ठेवा. विचारायला पैसे पडत नाहीत. शेठ मंडळींनीही हे वाचलं तर एक करावं. कामगारांच्या विश्रांतीची खोली बांधताना ती पत्र्याची न बांधता विटांची आणि स्लॅबची बांधावी. एरवी तिथे माणसं डबा खातील, वादळात जीव वाचवतील.

हवामान खात्याचा इशारा रंगांत येतो. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, ते मोबाइलवर घेऊन ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही संकटात ११२. हे तीन आकडे पाढ्यांसारखे पाठ हवेत. गडगडाट ऐकू आला की घरात यायचंच. माळावर एकटे सापडलात आणि जवळ पक्की जागा नसेल, तर झाड, फलक, पत्र्याची शेड, विजेचे खांब यांच्यापासून दूर, पाणी वाहत नसेल अशा खोलगट जागी उकिडवे बसा, डोक्यावर हात धरा. आणि घरात असाल तर मधल्या भिंतीला पाठ लावून बसा, डोक्यावर गोधडी घ्या. गोधडी नसेल तर दप्तर! दप्तराचं ओझं असं कधीतरी उपयोगीही पडतं.

आता तुमचा गृहपाठ. या रविवारी एक कागद घ्या आणि घरातल्या सगळ्यांना भोवती बसवा. घराचा नकाशा काढा. लाल फुली मारा. फुली मारायला जागा नसेल, तर गावातली किंवा वस्तीतली सर्वांत जवळची पक्की खोली शोधा आणि तिथपर्यंतची पावलं मोजा. आजी-आजोबांना कोण नेणार, तान्ह्याला कोण घेणार, गुरांची दावी कोण सोडणार, हे नावानिशी लिहा. ते लिहून झालं की शेजारच्या घरात डोकवा. त्यांना माहीत आहे का, हे विचारा. तुमच्या वर्गात दिवाळीनंतर नवीन आलेला आणि पावसाआधी जाणारा एखादा मुलगा असेल, तर त्याला आधी विचारा.

आणि सगळ्यांत शेवटी, सूर्य लख्ख असताना, वारा गार आणि शहाण्यासारखा वाहत असताना, त्या पक्क्या खोलीपर्यंत चालत जा. दाराला कुलूप असेल तर तिथल्या मोठ्या माणसांना एकच प्रश्न विचारा, “काका, याची किल्ली कोणाकडे असते?”

उत्तर मिळेपर्यंत घरी येऊ नका हं!